साठांचे पाच टक्के

प्लॉट नंबर अकराच्या तोंडाशी एक पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं : ‘लाकूड हलवू नका. लाकडाबरोबर कीड येते.’ पाटी लाकडाची होती आणि चाळीस किलोमीटरवरून आणलेली होती.

कीडसाहेब त्या पाटीसमोर उकिडवे बसले होते. पाटीच्या खांबाला जमिनीपासून वीतभर उंचीवर एक भोक होतं. गोल, नीटस, पेन्सिल आत जाईल एवढं. त्याच्या वर आणखी एक. खांबाभोवती फिरून त्यांनी मोजली तर एकोणीस भरली. खिशातल्या चाकूनं त्यांनी साल उचकटली. जुन्या वहीचं कव्हर निघावं तशी ती अलगद सुटली आणि आत नागमोडी बोगद्यांचं एक अख्खं गाव दिसलं. गाव रिकामं होतं. मंडळी बिऱ्हाड हलवून गेली होती.

कुठे गेली, हे बघायला नुसती मान वळवली तरी पुरे होतं. सर्वांत जवळच्या पाइनच्या बुंध्याशी पिवळसर भुशाची छोटीशी रास पडली होती, बिस्किटाच्या पुड्याच्या तळाशी चुरा उरतो तशी. शेजारच्या झाडाशीही तशीच. त्याच्या पलीकडेही. कीडसाहेब पाटीभोवती वाढत्या वर्तुळात चालत गेले आणि चौदा झाडांनंतर भुसा थांबला. मग ते परत येऊन पाटीखालीच बसले, कारण सावली तेवढीच होती.

त्यांचं खरं पद ‘वनकीड निरीक्षक, श्रेणी दोन’ असं होतं. पण एवढं बोलायला वेळ कोणाला आहे? चेकनाक्यावरच्या शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना कीडसाहेबच म्हणत. नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांनी राग मानायचं सोडलं आणि दहाव्या वर्षापासून फोन उचलून ते स्वतःच ‘कीडसाहेब बोलतोय’ म्हणू लागले. 

या जंगलाचे एकूण अकरा प्लॉट. खोड पोखरणारा भुंगेरा सहा वर्षांपूर्वी एक नंबरात आला आणि त्यानं क्रमानं, एकही न गाळता, दहा प्लॉट संपवले. खात्यात कुठलंही काम इतक्या शिस्तीत झालेलं कोणाला आठवत नव्हतं. अकरा नंबर तेवढा वाचला, कारण दहा आणि अकराच्या मध्ये चार किलोमीटरचा बोडका उतार होता आणि हा भुंगेरा एका दमात दोनच किलोमीटर उडतो. अकरा नंबरात यायचं तर त्याला कोणीतरी गाडीत बसवून आणायला हवं होतं.

खात्यानं ती सोय केली.

झालं होतं असं, की मोठ्या साहेबांना मागल्या वर्षी जनजागृतीची हुक्की आली. साठ पाट्या, साठ ठिकाणी. तोडलेल्या झाडांची लाकडं चार नंबरच्या आवारात पडूनच होती, त्यांचेच खांब करायचे ठरले. नियम असा की बाहेर जाणारं लाकूड सोलून द्यायचं, सालीचा तुकडाही राहता कामा नये. मोठे साहेब सोललेला खांब बघून म्हणाले, “हा विजेच्या खांबासारखा दिसतो हो. साल असू द्या. नॅचरल वाटलं पाहिजे.” मग सालीसकट लाकूड कीडमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागलं, आणि ते देणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता.

कीडसाहेबांनी कामचुकारपणा केला नाही, हे इथे सांगायला हवं. नियम म्हणतो, पाच टक्के नमुना तपासावा. साठांचे पाच टक्के तीन. त्यांनी ढिगातले तीन खांब काढले, पूर्ण सोलले, भिंगातून पाहिले. तिन्ही स्वच्छ. उरलेल्या सत्तावन्नांबद्दल नियम गप्प होता, म्हणून तेही गप्प राहिले आणि त्यांनी सही केली.

आता त्यांनी एका झाडाच्या सालीला चाकूनं खिडकी पाडली. आत अळी होती. पांढरी, गुबगुबीत, करंगळीच्या पेराएवढी, जेवता जेवता कोणी दार उघडावं तशी वैतागलेली. आकारावरून त्यांनी हिशेब केला. अजून सव्वीस दिवस. मग कोष, पंख, आणि चौदा झाडांमधून हजारो भुंगेरे उरलेल्या नऊ हजार झाडांवर. त्याआधी ही चौदा पाडून, सोलून, साल जाळली की काम फत्ते. एका करवतवाल्याचं एका दिवसाचं काम.

त्यांनी तिथूनच करवतवाल्याला फोन लावला.

“कागद आहे?” करवतवाल्यानं विचारलं.

“येईल.”

“मग मीही येईन. मागे तुमच्या खात्यातल्या एकानं तोंडी सांगितलं म्हणून दोन झाडं पाडली, तर माझी मशीन आठ महिने जप्त. मशीन गेली की मी नुसता वाला उरतो, साहेब.”

दुसऱ्या दिवशी कीडसाहेब नमुना सतरा भरायला बसले. झाड पाडण्याच्या परवानगीचा हा अर्ज. पाच रकाने सरळ होते. सहावा होता ‘प्रादुर्भावाचे कारण’, आणि त्यात तीन पर्याय छापलेले : (अ) नैसर्गिक, (ब) अज्ञात, (क) खात्याच्या कार्यवाहीतून. कीडसाहेब अर्ज घेऊन आवक टेबलाकडे गेले. तिथे अठ्ठावीस वर्षं एकाच खुर्चीवर एकच उशी घेऊन बसलेल्या बाई होत्या. सगळे त्यांना आवकबाई म्हणत, जावकही त्याच बघत असल्या तरी.

“बाई, सहाव्यात काय लिहिलं की लवकर होतं?”

“अज्ञात लिहिलंत तर आधी कारण शोधायला समिती,” आवकबाई शिक्का मारता मारता म्हणाल्या. “समितीतले दोघं निवृत्त झालेत आणि तिसरे वारले. नवी नेमणार, ती बसणार, उठणार. तीन महिने धरा.”

“आणि नैसर्गिक?”

“अकरा नंबर ना? संरक्षित प्लॉट आहे तो. निसर्गाच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, कलम नऊ. अर्ज त्याच दिवशी नामंजूर होऊन परत. फार झटपट काम आहे ते.”

“मग क?”

शिक्का हवेतच थांबला. “क मी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नाही. पण नियमात आहे बरं का. सात दिवसांत तातडीची कार्यवाही. आणि प्रमाणपत्र देणाऱ्यावर जबाबदारी निश्चित करून शिक्षा. प्रमाणपत्र कोणाचं आहे?”

“माझं.”

“अगबाई,” आवकबाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज परत त्यांच्या हातात दिला, पडलेलं पाकीट उचलून द्यावं तसा. “आज नका देऊ. आज मला खूप टपाल आहे.”

मोठ्या साहेबांच्या खोलीत वार्षिक अहवाल ठेवलेला होता. मुखपृष्ठावर पाटी होती, पाटीमागे अकरा नंबर आणि पाटीशेजारी मोठे साहेब. तिघंही टवटवीत.

“तुम्ही फार खोलात शिरता,” सगळं ऐकून मोठे साहेब प्रेमानं म्हणाले.

“मी नाही साहेब, अळी शिरते.”

“तीन वर्षं राहिली ना तुमची? मग काढा की सुखानं. क म्हणजे तुमचं निलंबन, माझं स्पष्टीकरण, खात्याची शोभा. अज्ञात लिहा. अज्ञात हा फार सभ्य शब्द आहे.”

“तीन महिन्यांत प्लॉट जाईल, साहेब.”

“दहा गेले तेव्हा आपण काय केलं?”

“काही नाही.”

“मग?” मोठे साहेब म्हणाले. आपण मोठा धीर दिला आहे, असा त्यांचा चेहरा होता.

कीडसाहेब घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर तपासत होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही त्याच आवाजात बोलायची. आतल्या खोलीत तिचे वडील रेडिओ ऐकत होते. त्यांच्या कानातलं यंत्र आणि रेडिओ यांचं आपसात पटत नसे, म्हणून एक मोठा केला की दुसरं किंचाळायचं.

कीडसाहेबांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. तिनं लाल पेननं एका पोराच्या उत्तरपत्रिकेच्या मागेच लिहायला घेतलं.

“भुंगेऱ्याची गाडी सव्वीस दिवसांत पोचते. ‘ब’ची गाडी नव्वद. ‘अ’ची गाडी स्टेशनातूनच परत. ‘क’ची सात.” तिनं पेन खाली ठेवलं. “अहो, हे चौथीतलं पोर सोडवेल. मला काय विचारताय?”

“‘क’च्या गाडीखाली मी आहे.”

“ते दिसतंय मला. निलंबित झालात तर माझी नोकरी आहे. शिकवण्या घेईन. पण बाबांना काय सांगणार आहात?”

इथेच तर घोडं पेंड खात होतं. अकरा नंबर बाबांनी लावला होता. एकेचाळीस वर्षांपूर्वी ते खात्याच्या रोपवाटिकेत मुख्य माळी होते. बोडक्या टेकडीवर त्यांनी नऊ हजार सहाशे रोपं लावली आणि पहिल्या उन्हाळ्यात त्यातली सहाशे पाणी कमी पडून मेली. जगलेल्या नऊ हजारांबद्दल ते कधी चकार शब्द काढत नसत. मेलेल्या सहाशेंबद्दल मात्र अजून बोलत. कुठल्या रांगेतली, कोणाच्या चुकीनं, टँकर कुठल्या वळणावर बंद पडला, सगळं. मुलीला स्थळ बघतानाही त्यांनी एवढंच विचारलं होतं, मुलगा झाडं मारणारा आहे की वाचवणारा. कीडसाहेबांनी तेव्हा छाती काढून उत्तर दिलं होतं.

“इतक्यात नको सांगू त्यांना,” कीडसाहेब म्हणाले. “मी लिहितो. क लिहितो.”

रोज संध्याकाळी ते क लिहायचं ठरवत. रोज सकाळी दाढी करताना आरशात एक निलंबित माणूस दिसे, आणि ठरलेलं मोडे. ऑफिसात पेनाचं टोपण काढत, रकाना सहाकडे बघत आणि टोपण परत लावत. मधल्या वेळात त्यांनी इतर पाच रकाने इतक्या सुंदर अक्षरात पुन्हा लिहून काढले, की आवकबाईंनी कौतुक केलं. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी रविवार होता, महिन्यातला पहिला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांना अकरा नंबरात घेऊन जायचं हा घरातला नियम होता. कीडसाहेबांनी गाडीचा टायर पंक्चर असल्याचं सांगून पाहिलं. बाबा खाली जाऊन चारही टायरांना लाथ मारून आले आणि पुढच्या सीटवर बसून राहिले.

“जावईबापू, तुमची तब्येत बरी नाही का?” वाटेत त्यांनी विचारलं. ते जावयाला एकतीस वर्षं अहो-जाहो करत आले होते.

“बरी आहे.”

“मग गाडी अंत्ययात्रेसारखी का चालवताय?”

पोचल्यावर कीडसाहेबांनी त्यांना पाटीपासून लांब, दुसऱ्या बाजूनं न्यायचा प्रयत्न केला. पण बाबांचा रस्ता ठरलेला होता. पहिल्या रांगेतल्या पहिल्या झाडाला हात लावायचा आणि मग आत शिरायचं. त्यांनी बुंध्याला हात लावला, नेहमीसारखी त्यावर मान टेकवली, आणि कानातलं यंत्र सालीला चिकटलं.

ते तसेच राहिले. मग यंत्राचं चाक बोटानं वाढवलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “आत कोणीतरी जेवतंय.”

बाबांनी यंत्र कानातून काढून त्यांच्या कानात घातलं आणि लहान पोराचं धरावं तसं त्यांचं डोकं झाडाला टेकवलं. बंद दाराआड कोणी चोरून बिस्किटं खावीत तसा आवाज येत होता. कुर्र कुर्र, मध्ये विश्रांती, पुन्हा कुर्र. एका तोंडाचा नव्हता तो. पंगत बसली होती.

कीडसाहेबांनी यंत्र परत दिलं आणि सगळं सांगून टाकलं. पाटी, खांब, सालीसकट, साठांचे पाच टक्के. बाबा ऐकताना तोंडाकडे बघत होते, कारण यंत्रावर त्यांचा आता विश्वास उरला नव्हता.

“किती दिवस झाले तुला कळून?” त्यांनी विचारलं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते अरे-तुरेवर आले होते. कीडसाहेबांना ते शिवीसारखं लागलं.

“दहा.”

“दहा दिवस काय करत होतास?”

“कारण लिहायचं होतं.”

“सापडत नव्हतं?”

कीडसाहेबांनी पाटीकडे बोट केलं. बाबांनी पाटी वाचली. वर मोठ्या अक्षरातलं आणि खाली बारीक अक्षरातलं, कीडमुक्त प्रमाणित, क्रमांक अमुक. त्यांनी क्रमांकावर अंगठा फिरवला.

“सहाशे माझ्या हातून गेली,” ते म्हणाले. “पण मी लपवली नाहीत. चल घरी. लिही.”

सोमवारी कीडसाहेबांनी रकाना सहामध्ये क ला गोल केला. खाली दोन पानं जोडली. पाट्यांची गोष्ट, सालीची गोष्ट, स्वतःच्या सहीची गोष्ट, काही न गाळता. आवकबाईंनी नोंद करून पोच दिली आणि डब्यातला लाडू त्यांच्या हातावर ठेवला, परगावी निघालेल्या माणसाला देतात तसा. पंधरा दिवस उरले होते आणि सात दिवसांत तातडीची कार्यवाही. बाहेर पडताना त्यांना हलकं वाटलं. सरकारी नोकराला हलकं वाटू लागलं की त्याने सावध व्हायला हवं. पण त्यांना सवय नव्हती.

सातव्या दिवशी, एक तासही उशीर न होता, दोन जीप अकरा नंबरात आल्या. कीडसाहेब आधीच करवतवाल्याला घेऊन उभे होते. जीपमधून करवत उतरली नाही. उतरला चौकशी अधिकारी, वीस-पंचवीस पंचनाम्याचे कागद, लाखेची कांडी आणि पिवळ्या पट्टीची तीन भेंडोळी.

चौकशी अधिकारी तरुण, सडपातळ आणि अतिशय नम्र होता. त्यानं चौदा झाडांना आणि पाटीला मिळून पिवळी पट्टी गुंडाळली, प्रत्येक झाडाला नंबर दिला, गाठींवर लाख ओतून सील केलं आणि एक रखवालदार खुर्चीसकट तिथे ठेवला.

“हे काय?” कीडसाहेबांनी विचारलं.

“तातडीची कार्यवाही. मुद्देमाल जप्त.”

“मुद्देमाल?”

“साहेब, तुम्हीच लिहिलंय ना, खात्याची चूक याच झाडांवरून सिद्ध होते? मग हा पुरावा झाला. चौकशी पूर्ण होईपर्यंत पुराव्याला कोणी हात लावायचा नाही. तुम्ही तर मुळीच नाही.”

“अहो, आठ दिवसांत त्या पुराव्याला पंख फुटतील आणि तो उडून जाईल!”

चौकशी अधिकाऱ्यानं वही उघडली. “हे फार महत्त्वाचं आहे. अहवालात नक्की घेतो.”

करवतवाल्यानं मशीन खांद्यावर टाकली. “कागद आला की सांगा,” तो म्हणाला, आणि जाता जाता पट्टीला धक्का लागू नये म्हणून चांगला दहा फूट लांबून गेला.

पुढच्या सहा दिवसांत कीडसाहेबांनी अकरा पत्रं लिहिली. उत्तरं दोनच आली. एकात त्यांच्या पत्राची नोंद घेतल्याचं होतं आणि दुसऱ्यात पहिल्या उत्तराची प्रत जोडली होती. मोठे साहेब रजेवर गेले. बायकोनं हिशेब करायचं सोडून दिलं. तिच्या कपाळावर जो भाव होता तो ती एरवी कोऱ्या उत्तरपत्रिकेसाठी राखून ठेवायची.

सातव्या दिवशी दुपारी बाबा माळ्यावरून कुऱ्हाड काढून दारात उभे राहिले. “गाडी काढ.”

रखवालदार जेवायला झाडीपलीकडच्या टपरीवर जायचा, ते बाबांना ठाऊक होतं. पट्टीखालून वाकून दोघं आत गेले. बाबांचे हात थरथरायचे, म्हणून कुऱ्हाड कीडसाहेबांकडे आली. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की नोकरीच्या बत्तीस वर्षांत आपण हजारो झाडांवर लाल रंगाचा पट्टा ओढला, पण एकही झाड स्वतः पाडलेलं नाही. त्यांनी पहिला घाव घातला. कुऱ्हाड सालीतून निसटून बाजूला गेली. दुसरा घाव बसला. बसला तो असा बसला, की कुऱ्हाड निघेचना. एक पाय बुंध्याला लावून ते ती उपसत असताना मागून आवाज आला.

“साहेब, तुम्ही पट्टीच्या आत आहात.”

रखवालदाराच्या हातात अर्धवट खाल्लेलं केळं होतं. माणूस वाईट नव्हता. कुऱ्हाड काढायला त्यानंच मदत केली, मग ती जप्त केली आणि पोटावर वही ठेवून लिहून घेतलं : झाड क्रमांक तीन, घाव दोन, खोली दोन इंच. बाबांचा जबाबही घेतला. बाबांनी जबाबात मेलेल्या सहाशे रोपांपासून सुरुवात केली, तेव्हा त्यानं वही मिटली.

घावांतून राळ वाहू लागली. ताज्या राळेचा वास कीडसाहेबांना नाकात शिरताच ओळखू आला. भुंगेरे त्याच वासावर येतात. गेली सहा वर्षं ते हीच गोष्ट चेकनाक्यावरच्या नव्या मुलांना फळ्यावर काढून शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं. कीडसाहेब रजा टाकून पट्टीच्या बाहेर उभे होते. रखवालदारानं त्यांना बसायला खुर्ची देऊ केली. साडेअकराच्या सुमाराला झाड क्रमांक एकच्या सालीत टक् असा आवाज झाला आणि गोल भोकातून दोन मिशा बाहेर आल्या. मग डोकं. मग काळा, पॉलिश केल्यासारखा अख्खा भुंगेरा. तो सालीवर थांबला, पंख नीट केले आणि उडाला. मग दुसरा. मग मोजण्यात अर्थ उरला नाही. चौदा खोडांवर काळी बटणं उगवत होती आणि सुटत होती.

“आयला,” रखवालदार उभा राहिला. “साहेब, यांना अडवायचं का मी?”

“तुमच्या आदेशात काय आहे?”

त्यानं खिशातला कागद उलगडला. “‘कोणत्याही व्यक्तीस’ असं आहे.”

“मग राहू द्या.”

तो खाली बसला. थोड्या वेळानं एक भुंगेरा त्याच्या गुडघ्यावर उतरला, तो त्यानं टिचकीनं उडवला. तेवढं मात्र त्यानं कोणाला न विचारता केलं.

चौकशीचा अहवाल दोन महिन्यांनी आला. कीडसाहेब पिशवी भरून ठेवून वाट बघत होते. टेबलाच्या खणातलं भिंग, चहाचा कप, चपलांचा जुना जोड. मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि उठून हात मिळवला.

“सुटलात! नियमानुसार पाच टक्के नमुना तपासला होता. साठांचे पाच टक्के तीन. तीन तपासले. कार्यपद्धतीत कसूर नाही. मी म्हणत नव्हतो?”

“म्हणजे चूक कोणाची?”

“कोणाचीच नाही. यापुढे नमुना दहा टक्के करावा अशी शिफारस आहे.” मोठ्या साहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला. “आणि ही घ्या, तुमची परवानगी. चौदाही झाडं. बघा, काम होतं की नाही.”

कीडसाहेबांनी कागद वाचला. जागेवर येऊन त्यांनी पिशवीतला कप काढून टेबलावर ठेवला. ज्या शिक्षेला भिऊन त्यांनी ते दहा दिवस घालवले, ती शिक्षा कधी नव्हतीच. ती असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. दहा दिवसांच्या मोबदल्यात काहीतरी हाती लागलं असतं.

करवतवाला कागद दोनदा वाचून कामाला लागला. काम त्यानं उत्तम केलं. एका दिवसात चौदा झाडं पाडली, सोलली, साल जाळली. जसं सांगितलं होतं अगदी तसं. साल आतून नागमोडी बोगद्यांनी भरलेली आणि रिकामी होती, आणि सुकी असल्यामुळे भराभर पेटली. पाटीचा खांबही आगीत टाकावा का, असं त्यानं विचारलं. परवानगीत चौदाच झाडं होती. पाटी राहिली.

तो महिन्याचा पहिला रविवार नव्हता, तरी बाबा आले होते. मशीन थांबल्यावर ते पंधराव्या झाडापाशी गेले आणि मान टेकवली. मग सोळाव्यापाशी. कीडसाहेब चार पावलं मागे राहून चालत होते. बाबा एकेक रांग करत आत शिरत होते, प्रत्येक झाडाशी थांबत, कान लावत, पुढे जात. झाडं वरून अजून हिरवी होती. अजून वर्षभर ती हिरवीच दिसली असती, फोटो काढायला कोणी आलं असतं तर छान आला असता. तिसाव्या झाडाशी बाबा जरा जास्त थांबले, आणि कीडसाहेबांना क्षणभर वाटलं की तिथे तरी शांतता असेल.

“ऐकू येतंय?” त्यांनी विचारलं.

बाबांनी पुढची रांग घेतली, मग त्यापुढची. टेकडीच्या माथ्याशी, जिथून सगळा अकरा नंबर खाली दिसतो तिथल्या शेवटच्या झाडाला त्यांनी कान लावला, चाक पूर्ण वाढवलं, आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

मग त्यांनी यंत्र कानातून काढलं, मागचं झाकण नखानं उघडलं आणि बारकं बटण काढून कीडसाहेबांच्या तळहातावर ठेवलं.

“ठेवा, जावईबापू,” ते म्हणाले. “उगीच बॅटरी वाया जाते.”